किनाऱ्याची धाव टप्प्याटप्प्याने: झाई ते डहाणू वाटेवर छोटा व्यवसाय कसा मांडायचा?

व्हिडिओत आपण हा विषय घाईघाईत घेतला होता. इथे आकडे आणि तक्ते शांतपणे बघू. वही-पेन घेऊन बसा, कारण मध्ये गणित आहे आणि ते तुम्हालाच सोडवायचं आहे.

विषय असा. लांब किनारी वाट एका दमात न धावता टप्प्याटप्प्याने धावायची आणि त्या धावणाऱ्यांना सेवा पुरवायची. यातून डहाणू-तलासरीकडच्या तरुणाला उत्पन्न मिळू शकतं का? मिळू शकतं. पण किती मिळेल आणि त्यासाठी किती पैसे अडकवायचे, हे आधी समजलं पाहिजे. नाहीतर सुंदर किनारा बघून लोक कर्ज काढतात आणि हप्ते भरता भरता किनारा बघायचीही इच्छा राहत नाही.

१. टप्पा म्हणजे काय विकतो आपण?

महाराष्ट्राचा किनारा सुमारे ७२० किलोमीटरचा. अख्खा धावायला सांगितला तर शंभरातला एकही तयार होणार नाही. "या रविवारी ८ किलोमीटर, पुढच्या वेळी त्याच्या पुढचे ८" असं म्हटलं की हात वर येतात.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. पंढरीची वारी बघा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, पण वारकरी रोज विचार करतो तो आजच्या मुक्कामाचा. सामान ट्रकमध्ये, पाण्याचा टँकर पुढे, जेवण मुक्कामावर तयार. दिंडीत भिशी भरली की ही सगळी सोय होते. नर्मदा परिक्रमा एका वेळी जमत नाही म्हणून अनेक जण ती खंडाखंडाने करतात. इंग्लंडमध्ये साउथ वेस्ट कोस्ट पाथ नावाची सुमारे १,०१४ किलोमीटरची किनारी वाट आहे. बरेच लोक ती वर्षानुवर्षं, सुट्टी मिळेल तशी पूर्ण करतात. त्या वाटेवर चालणाऱ्याची बॅग एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर पोहोचवणं हाच काही जणांचा धंदा आहे.

वारीत आणि इंग्लंडच्या त्या वाटेवर एकच गोष्ट दिसते. चालणारा किंवा धावणारा आपले पाय वापरतो, बाकीचं ओझं दुसरा कोणीतरी उचलतो आणि त्याचे पैसे घेतो. तो दुसरा म्हणजे तुम्ही.

२. आपली वाट

उत्तरेला गुजरातच्या हद्दीला लागून झाई, तलासरी तालुक्यातलं मच्छीमारांचं गाव. तिथून खाली बोर्डी, घोलवड, चिखले, नरपड आणि डहाणू. बोर्डी ते डहाणू किनारा सुमारे १७ किलोमीटर. बोर्डीला सुरूची झाडं, आत चिकूच्या वाड्या. डहाणू-घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव ग्राहकाच्या ओळखीचं आहे, ते वापरा.

सुरुवातीला तीन टप्पे पुरतात:

- पहिला: झाई ते बोर्डी. नवख्यांसाठी, छोटा.
- दुसरा: बोर्डी ते चिखले, घोलवडवरून.
- तिसरा: चिखले ते डहाणू, नरपडवरून.

अंतरं नकाशावरून लिहू नका. ओहोटीला स्वतः चालून मोजा. खडक कुठे आहे, चिखल कुठे आहे, ओढा कुठे आडवा येतो, ते वहीत उतरवा.

डहाणूच्या दक्षिणेला खाडी आहे, तिथे किनारा सोडून रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. पुढे तारापूरला अणुऊर्जा केंद्र, तो भाग आपल्यासाठी बंद. मधल्या वाढवणला सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराला केंद्र सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे आणि स्थानिक मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षांचा विरोध आहे. तिथला किनारा पुढे कसा असेल त्यावर आज पैसे लावू नका.

३. तुमचा खरा भागीदार: भरती-ओहोटी

इथे नीट लक्ष द्या. या व्यवसायाचं वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही, पाणी ठरवतं.

ओहोटीला ओली, घट्ट वाळू मोकळी होते. धावायची जागा ती. भरतीला पाणी वर येतं आणि उरते ती मऊ वाळू. तिच्यात पाय रुततो, पोटऱ्या भरून येतात, घोटा मुरगळतो. काही ठिकाणी तर वाटच उरत नाही.

कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. एकादशी असेल तर ११ गुणिले ३ म्हणजे ३३, भागिले ४ म्हणजे सव्वाआठ. भरती सव्वाआठला, तर ओहोटी साधारण सहा तासांनी, सव्वादोनला. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आपला किनारा मुंबईच्या उत्तरेला असल्यामुळे आपल्याकडे वेळ आणखी थोडी पुढे जाते. म्हणून हिशेब अंदाजासाठी, आणि शेवटचा निर्णय भरतीच्या छापील तक्त्यावर आणि झाईच्या किंवा नरपडच्या मच्छीमाराला विचारून.

आता याचा धंद्याशी संबंध बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्याकडे ओहोटी सकाळी साडेसहाच्या सुमारास येते. उधाणाचे दिवस असल्याने पाणीही खूप आत जातं. धावायला यापेक्षा चांगली वेळ नाही. अष्टमीच्या आसपास भांग असते, ओहोटी दुपारच्या उन्हात येते आणि पाणी फारसं आत जातही नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने. त्यात अमावस्या-पौर्णिमा मिळून साधारण ८. प्रत्येकीच्या जवळचा रविवार घेतला तर काही रविवार दोन-तीन दिवस आधी पडतात. त्या दिवशी ओहोटी पहाटे चार-पाचलाच होऊन जाते आणि उजाडेपर्यंत पाणी परत फिरलेलं असतं. ते सोडले तर हातात उरतात साधारण ६ रविवार.

सहा! बावन्न नाही. हा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

४. आता गणित

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावातले भाव टाकून बदला.

समजा फी माणशी ९०० रुपये, एका खेपेला जास्तीत जास्त १५ जण.

माणशी खर्च:
- नाश्ता आणि फळं: १२०
- पाणी, लिंबू सरबत: ४०
- अपघात विमा: ५०
- टप्प्याचं कार्ड, शिक्का, किरकोळ: ४०
- एकूण: २५०

खेपेचा ठरलेला खर्च, माणसं कितीही येवोत:
- भाड्याची गाडी: २,५००
- दोन स्थानिक वाटाडे: १,४००
- प्रथमोपचार जाणणारा माणूस आणि पेटी: ६००
- किनारा सफाई: ५००
- एकूण: ५,०००

माणशी हातात राहतात ९०० वजा २५०, म्हणजे ६५०. पाच हजार वसूल व्हायला ५,००० भागिले ६५०, म्हणजे ८ माणसं लागतात. सात आली तर खिशातून जातील. पंधरा आली तर ९,७५० वजा ५,०००, म्हणजे ४,७५० उरतील.

सहा रविवार, सगळे भरलेले: ४,७५० गुणिले ६, म्हणजे २८,५०० रुपये. पूर्ण हंगामाचे.

आता कोणी म्हणालं, "भाड्याची गाडी कशाला, स्वतःची व्हॅन घेतो." समजा हप्ता १२,००० रुपये. वर्षाचे झाले १,४४,०००. किनारा देणार साडेअठ्ठावीस हजार. या कामासाठी व्हॅन घ्यायची का, याचं उत्तर तुम्हीच द्या. नोकरी सोडायची का, याचंही उत्तर याच ओळीत आहे.

५. मग हे करायचंच कशाला?

कारण धाव हे दार आहे, कमाई घरात आहे.

ओहोटी सकाळी साडेसहाला. मुंबईचा माणूस विरार-डहाणू लोकल पकडून त्या वेळेला झाईला किंवा बोर्डीला पोहोचणं अवघड. म्हणजे त्याला शनिवारी रात्रीच यावं लागणार. मुक्काम आला, रात्रीचं जेवण आलं. तुमच्या घरी किंवा शेजारच्या वाडीत दोन खोल्या असतील तर खरा नफा तिथे आहे. स्वतःच्या खोल्या नसतील तर शेजाऱ्याशी दर आधी ठरवा आणि कागदावर घ्या. परतताना चिकूची पेटी, चिकूचे चिप्स, लोणचं, पापड. घरातल्या बाईने हे केलं तर त्याचा हिशेब तिच्या नावाने वेगळा लिहा. "घरचंच आहे" म्हणून बुडवू नका. पर्यटनात उतरणाऱ्या महिलांसाठी राज्याचं 'आई' धोरण आहे, त्यात कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा.

दुसरं कारण म्हणजे टप्प्याचा ग्राहक परत येतो. पहिला टप्पा केला की कार्डावर दोन चौकटी रिकाम्या दिसतात आणि त्या त्याला स्वस्थ बसू देत नाहीत. नवा ग्राहक शोधायला जाहिरात लागते, जुन्याला एक मेसेज पुरतो. शिक्क्याचं चित्र गावातल्या वारली कलाकाराकडून काढून घ्या आणि त्याचे पैसे द्या.

६. जिथे तडजोड नाही

या धंद्यात एक चूक पैशाची असते आणि एक जिवाची. दुसरी भरून येत नाही.

- पाणी फिरण्याची वेळ आधी सांगा. ठरलेल्या वेळेला जो जिथे असेल तिथून रस्त्यावर, गाडीत. "अजून एकच किलोमीटर" चालणार नाही.
- निघताना, मध्ये आणि शेवटी डोकी मोजा. सर्वांत मागे तुमचा वाटाड्या.
- धाव झाल्यावर समुद्रात उतरायचं नाही. हे फी घेतानाच लिहून द्या.
- रद्द करायचा निर्णय शनिवारी दुपारी, ग्राहक घरून निघायच्या आत. तुम्ही रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा पुढचा टप्पा, निवड ग्राहकाची.
- ८ पेक्षा कमी नावं आली तरी घेतलेला शब्द पाळायचा का, हे हंगामाआधी ठरवा. माझं मत: पहिल्या दोन खेपांना पाळा. तो तोटा जाहिरातीचा खर्च समजा.

किनारा कोणाचा तरी अंगण आहे हेही विसरू नका. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत असतात, जाळी पसरलेली असतात. तिथून पंधरा जण धावत गेले की वाळू उडते आणि कोणाचा तरी माल खराब होतो. आधी जाऊन बोला, वाट बाजूने घ्या, आणि दोन वाटाड्यांपैकी एक त्याच वस्तीतला ठेवा. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. वाळूवर शेड, स्टॉल, स्पीकर असल्या भानगडीत पडू नका. तुमचं सगळं सामान गाडीत आलं पाहिजे आणि गाडीतच परत गेलं पाहिजे.

नोंदणीचं म्हणाल तर उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थ विकणार असाल तर त्याची वेगळी नोंदणी लागते.

गृहपाठ

१. येत्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं कॅलेंडर घ्या. अमावस्या-पौर्णिमा खुणा करा. तुमचे चालणारे रविवार किती, ते मोजा.
२. एक टप्पा ओहोटीला चालून या. अंतर, अडथळे आणि रस्त्याला बाहेर पडायच्या जागा लिहा.
३. किनाऱ्यावरच्या दोन मच्छीमारांशी बोला. त्यांना काय अडचण होईल, ते त्यांच्या शब्दात लिहा.
४. वरच्या तक्त्यात तुमचे भाव टाका आणि कमीत कमी किती माणसं लागतात ते काढा.

चारही झाल्याशिवाय फलक छापायला देऊ नका. चौथ्याचं उत्तर १२ च्या वर आलं तर फी किंवा खर्च, दोन्हीपैकी एक चुकलंय. परत बसा. वहीवर बसलेला तोटा फुकट असतो, किनाऱ्यावर बसलेला नाही.