प्लाझ्मा-कर्तन आणि टॉर्चची उंची

कोलकाता शहराच्या दक्षिण भागात बेहाला वसले आहे. त्याच्या वायव्येस, हुगळी नदीच्या काठी, गार्डन रीचचा जहाजबांधणीचा कारखाना आहे. १९६० साली भारत सरकारने तो ताब्यात घेतला व १९६१ साली तेथे बांधलेली ‘अजय’ ही युद्धनौका नौदलात दाखल झाली. जहाज केवढेही असो, त्याचा प्रारंभ पोलादी प्लेट कापण्यापासूनच होतो. आणि जहाजबांधणीत या कामासाठी प्लाझ्मा-कर्तनाची पद्धत सर्रास वापरली जाते.

टॉर्चच्या अरुंद तोटीतून वेगाने येणारा वायू विद्युत् प्रज्योतीमुळे इतका तापतो की, त्याचे आयनीभवन होते. हा झोत पोलाद वितळवितो व वितळलेला धातू खाली उडवून देतो. त्या वेळी तोटी व प्लेट यांमध्ये काही मिलिमीटरच अंतर असते. ते वाढल्यास कापाची कड तिरपी होते, प्लेटी नीट जुळत नाहीत व वेल्डिंगचे काम वाढते. घटल्यास तोटी प्लेटवर घासून निकामी होते. प्लेट मात्र पूर्णपणे सपाट कधीच नसते. शिवाय उष्णतेने ती वाकते. म्हणून टॉर्च सतत वरखाली करावा लागतो.

ठिणग्या व धूर यांमध्ये हे अंतर मोजावयाचे कसे? विद्युत् प्रवाह स्थिर असता प्रज्योत जितकी लांब, तितका विद्युत् दाब अधिक. समजा, योग्य उंचीवर दाब १३० व्होल्ट असतो. तो १३५ झाला तर नियंत्रक टॉर्च खाली आणतो. १२५ झाला तर वर नेतो. आरंभी प्रज्योतच नसते. म्हणून टॉर्च प्रथम प्लेटला हलकेच टेकवून पृष्ठभाग शोधतात. नंतर छिद्र पाडताना तो अधिक उंच धरतात, म्हणजे उसळणारा धातू तोटीवर बसत नाही.

परंतु नियंत्रक दाब मोजतो, अंतर नव्हे. कोपऱ्यावर गती मंदावली की काप रुंदावतो, प्रज्योत लांबते व दाब वाढतो. नियंत्रक टॉर्च विनाकारण खाली ढकलतो. यासाठी कोपऱ्यापाशी नियंत्रण क्षणभर थांबवितात. तसेच विद्युत् अग्रातील हाफ्नियम झिजून खळगा पडला, की प्रज्योत आतल्या बाजूने लांबते. मापकावर १३० व्होल्टच दिसतात, पण टॉर्च प्लेटच्या जवळ आलेला असतो. अशा वेळी ठरविलेला दाब वाढवावा लागतो. त्यामुळे जाणता कारागीर मापकाचा आकडा पाहून थांबत नाही. कापलेली कडही तपासतो.