दोर न कापता

सप्ताहात वीणा भुईला टेकवत नाहीत. सात दिवस, सात रात्री ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते आणि नामस्मरण चालू असतं. दोन तासांचा एक पहारा धरला तर दिवसाला 12 आणि सप्ताहाला 84 पहारे होतात. उमरठच्या खोऱ्यातल्या आमच्या वाडीत माघात सप्ताह बसतो. त्या दिवसांत मुलांच्या शाळा चालू असतात आणि चाकरमान्यांनी रजा शिमग्यासाठी राखून ठेवलेली असते. वाडीत कायम राहणारे पुरुष म्हणजे साठी ओलांडलेले. एकेका म्हाताऱ्यानं रात्रीत दोन-दोन पहारे ओढायचे, पाय सुजायचे, पण वीणा खाली येऊ द्यायची नाही. त्याच वेळी सभामंडपाच्या दुसऱ्या बाजूला वाडीतल्या बायका टाळ्या धरून बसलेल्या असायच्या. अख्खा हरिपाठ त्यांना तोंडपाठ. मात्र वीणा बाईच्या गळ्यात घालायची नाही, असा जुना शिरस्ता.

तो शिरस्ता बदलायला बरीच वर्षं लागली. सप्ताह कमिटीचा चिटणीस म्हणून मी त्यात होतो. आडवे आले ते कोणी परके नव्हते. चुलते, मामा, आजोबांच्या जागी असलेली माणसं. त्यांच्याशी वागताना जे शिकलो ते इथं मांडतो. चर्चच्या मंडळीत, विहारात, मशिदीच्या जमातीत काम करणाऱ्यांचंही दुखणं फारसं वेगळं नसावं, असं मला वाटतं.

1. आडवं येणाऱ्यानं आजवर काय राखलंय, ते आधी बघावं.

सगळ्यात ठाम विरोध आमच्या विणेकरी आबांचा. आबा म्हणजे गिरणी कामगार. महाड-पोलादपूरच्या शेकडो माणसांसारखे तेही पोरवयात मुंबईला गेले आणि लालबागेत गावाच्या खोलीत राहिले. त्या खोलीत पाळीप्रमाणे झोपायचं, वळकट्या भिंतीला लावायच्या आणि महिन्याच्या पगारातून गावच्या सप्ताहाची वर्गणी आधी बाजूला काढायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी गिरणीत गेलेच नाहीत. पुढच्या सप्ताहाला पगार नाही, उधारी मिळत नाही, अशी अवस्था. आबा सांगतात, त्या वर्षी पंगतीला गोडाचं काही नव्हतं, पिठलं आणि भात होता. वर्गणी देता येत नव्हती म्हणून माणसांनी जास्तीचे पहारे दिले.

ज्या माणसानं रिकाम्या खिशानं ही वीणा उचलून धरली, त्याला आम्ही बैठकीत उभं राहून सांगणार की तुमची पद्धत आता बदलायला हवी. त्याच्या कानात काय शिरतं? तुम्ही आजवर केलंत ते चुकलं, एवढंच. म्हणून बदलाचा विषय काढण्याआधी आम्ही एक वही केली. त्या संपाच्या काळात कोणी कोणते पहारे दिले ते म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून काढलं आणि काल्याच्या दिवशी, कीर्तनाआधी, ती नावं वाचली. त्यातले निम्मे लोक आता हयात नाहीत. त्यांच्या सुना-नातवंडं समोर बसली होती. आबांचा विरोध त्या दिवशी संपला नाही. मात्र तेव्हापासून ते आमचं बोलणं पुरतं ऐकून घेऊ लागले.

2. बैठकीत विषय मांडावा, पण माणसाशी बोलायचं ते पडवीत.

भरल्या बैठकीत माणूस एकदा 'नाही' म्हणाला की तो त्या शब्दाला बांधला जातो. चार भावकीवाले बघत असतात. मागं फिरावंसं वाटलं तरी फिरता येत नाही. त्यात आमच्याकडे बैठका दोन, एक वाडीतली आणि एक मुंबईकर मंडळाची. मुंबईच्या बैठकीत तरुणांनी टाळ्या वाजवून ठराव करायचा आणि तो गावाला पाठवायचा, याइतका खात्रीचा मार्ग नाही विरोध पक्का करण्याचा.

शिवाय बैठकीत वाद शास्त्राचा होतो. मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू मानलं, तुकोबांच्या शिष्या बहिणाबाईंनी अभंगरचना केली, जनाबाईंशिवाय आमचा काकडा पुरा होत नाही, हे सगळं आबांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. माहिती कमी पडत नव्हतीच. पडवीत, भात झोडून झाल्यावर, दोघंच बसलो की ते बोलत, मी ऐकत असे. तिथं हरणं-जिंकणं नसतं.

3. तोंडावरच्या कारणाच्या मागं दुसरं कारण असतं.

आधी कारणं यायची ती ठरलेली: परंपरा नाही, बायकांचे अडचणीचे दिवस येतात, रात्री-अपरात्री देवळात कसं चालेल. एकेका कारणाला उत्तर होतं आणि उत्तर दिलं की नवं कारण यायचं. मग एका संध्याकाळी आबा सहज बोलून गेले, "बाया उभ्या राहिल्या की आमची पोरं सुटली. मंग रजा टाकून कोन येतंय हिकडं?"

बायकांनी वीणा धरण्याचा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं दुय्यम होता. 84 पहारे पुरे होत नाहीत म्हणून तरी त्यांचा डोंबिवलीतला, नालासोपाऱ्यातला मुलगा माघात दोन दिवस येत होता. ती नड भरून निघाली असती तर म्हाताऱ्याला मुलगा थेट शिमग्यालाच दिसला असता. हे कळल्यावर आमचा प्रस्तावच बदलला. चाकरमान्यांचे पहारे नावानिशी राखून ठेवायचे, शनिवार-रविवारच्या रात्री त्यांच्याच. ज्याचा पहारा त्यानं यायचं. नाही जमलं तर बदली माणूस त्यानंच शोधायचा. बायकांचे पहारे त्यांच्या जागी नव्हेत, त्यांच्या जोडीला. या एका कलमानं जितका विरोध मावळला तितका कुठल्याही दाखल्यानं मावळला नव्हता.

4. वर्ष वाईट असेल तर विषय सोडून द्यावा.

22 जुलै 2021 ला आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्याच दिवशी शेजारच्या महाड तालुक्यात तळीये गेलं. आमच्या वाडीवरचा डोंगर जागेवर राहिला, पण प्रत्येकाचं कोणी ना कोणी त्या गावांत होतं. त्यानंतरच्या माघात एक म्हातारी मला म्हणाली, "बाबा, सप्ता तरी हाय तसा राहू दे." त्या वर्षी कमिटीच्या विषयपत्रिकेवर आम्ही फक्त वर्गणी आणि पंगत ठेवली.

5. धीर कोणाचा खर्च होतोय, हे विचारावं.

हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. बैठकांना बायका येऊ लागल्या तेव्हा आमच्या एका वहिनींनी विचारलं, "भावजी, धीर धरा म्हणता ते ठीक. पण धरायचा तो आम्हीच ना?" बोलणं रास्त होतं. बदलाच्या बाजूनं बोलणारा पुरुष धीर धरतो तेव्हा त्याचं काहीच जात नाही. ज्याला बाहेर बसवलंय त्याचे दिवस जातात.

हे समजून घ्यायला आम्हाला महाडपेक्षा लांब जायला नको. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 4 ऑगस्ट 1923 ला झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस मनापासून बदलाच्या बाजूचे. पण कागदावर खुलं झालेल्या तळ्यावर जाऊन पाणी प्यायची सोय कोणाला नव्हती. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले. त्यावर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, दावा झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. ज्यांचं पाणी अडवलं होतं त्यांना 'गावाला तयार होऊ द्या' असं सांगणं हा अन्याय होता.

साने गुरुजींनी पंढरपूरला दोन्ही गोष्टी केल्या. विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरले, गावोगावी लोकांची मनं वळवत राहिले. मग 1 मे 1947 ला तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. 10 मेला उपोषण सुटलं, मंदिर खुलं करायचं ठरल्यावर. मनं वळवण्याचा धीर त्यांच्याजवळ होता आणि तो कुठं संपवायचा हेही त्यांना कळत होतं.

म्हणून मी दोन खाती वेगळी ठेवतो. काकडा किती वाजता, भोंगा किती मोठा, कीर्तनकार कोण, पावती मोबाईलवर की कागदावर, यात म्हाताऱ्यांच्या मनाप्रमाणे आणखी दहा वर्षं गेली तरी माझी हरकत नाही. पंगतीत कोणाला वेगळं बसवायची भाषा निघाली तर मात्र मी आबांचंही ऐकणार नाही, आणि हे त्यांना ठाऊक आहे. वीणेचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये होता. तो किती वेगानं न्यायचा ते मग वहिनींनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी ठरवलं. दुपारी दोन ते चारचा पहारा आधी घ्यायचा, असं त्यांनीच सांगितलं.

6. पहिल्यांदा होईल ते नेटकं व्हावं.

दुपारच्या त्या पहाऱ्याची तयारी बायकांनी आमच्यापेक्षा कसून केली. वीणेचा पट्टा पुरुषाच्या उंचीचा, बाईच्या गळ्यात भोपळा पार मांडीवर येतो, चालताना गुडघ्याला लागतो. वहिनींनी पट्ट्याला आधीच गाठ मारून ठेवली होती. वीणा घेताना देणाऱ्याच्या पाया पडायचं, वीणेला कपाळ लावायचं, मग मान वाकवून पट्टा घ्यायचा, आणि हे होईतो तार थांबू द्यायची नाही. पहिली वीणा ज्या आजींनी घेतली त्यांची बोटं भाताच्या लावणीनं वाकडी झालेली. तार त्या बोटाच्या पेरानं छेडत होत्या. दोन तास एकदाही बसल्या नाहीत.

7. परतीचा दोर शाबूत ठेवावा.

उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, शेलारमामांचीही आहे. 4 फेब्रुवारी 1670 ला सिंहगडावर तानाजी पडले, मावळे कच खाऊ लागले, तेव्हा सूर्याजीनं गडाचे दोर कापल्याची कथा आमच्याकडे पोरं बोलायला लागली की शिकतात. शत्रूचा गड घ्यायचा तेव्हा ते बरोबरच होतं. आमच्या खोऱ्यात मात्र प्रत्येक भांडणात कोणी तरी उठून तेच करू बघतो: आता माघार नाही, जो आमच्यात नाही तो गावात नाही. गावकीत समोर उभा असतो तो आपल्याच आजोबांचा भाऊ. त्याला उद्या उतरून यायला वाट लागते.

म्हणून पहाऱ्यांचा तक्ता करताना आम्ही एक काळजी घेतो. आबांचा पहारा नेहमी अशा जागी असतो की त्यांच्या आधी आणि नंतर पुरुषच येतो. बाईच्या हातून वीणा घ्यायला त्यांचं मन अजून तयार नाही. ते त्यांनी स्पष्ट सांगितलंय, आणि आम्ही त्याचा गवगवा करत नाही. विणेकऱ्याचा मानाचा नारळ पूर्वीसारखा त्यांनाच जातो. एका तरुणानं हे म्हणजे लाड आहेत असं म्हटलं. मला तसं वाटत नाही. ज्याचं मत पडलं त्याचा मान पडता कामा नये, एवढंच त्यात आहे.

आता बायकांनी काकड्याचा, पहाटे चार ते सहाचा, पहारा मागितलाय. तो आजवर आबांचा. वय झालं, थंडीत उभं राहवत नाही, हे तेही जाणतात, पण सोडायचा तर कोणासाठी, हा प्रश्न त्यांच्या मनात आहे. बैठक तुळशीच्या लग्नानंतर आहे. त्याआधी त्यांच्या पडवीत जाऊन यायचंय. या खेपेला मी बोलणार नाही, वहिनी बोलतील. आबांना तसा निरोप दिलाय आणि त्यांनी 'या' म्हणून कळवलंय.