हिसाबाच्या सर्व्हरवर कोणाचा प्रोग्राम चालावा?

भिवंडी-मालेगावकडील अनेक कापड व्यापाऱ्यांचा हिसाब आता एकाच सर्व्हरवर असतो. पेढी, गोदाम आणि लूमचा कारखाना येथील माणसे आपापल्या जागेवरून रिमोट डेस्कटॉपने त्यातच शिरतात. खर्च वाचतो, वहीही एकच राहते. धोकाही मात्र सामाईक होतो.

माझ्याच पेढीवरची गोष्ट. गोदामातील मुलाने पीडीएफ जोडण्याचा फुकटचा प्रोग्राम सर्व्हरवर उतरवून चालवला. थोड्याच वेळात बिले आणि उधारीच्या फाइली उघडेनाशा झाल्या. त्या विषाणूने त्यांना कुलूप लावून पैसे मागितले. बॅकअप तीन दिवसांपूर्वीचा होता. तीन दिवसांची उधारी आम्ही चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा लिहिली. कुरआनची सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. हे लिखाण दोन्ही बाजूंची अमानत असते, म्हणून मला पैशापेक्षा त्याचीच शरम जास्त वाटली.

चूक माझी होती. डेस्कटॉपवरील चिन्हे लपवली होती आणि मुलाच्या खात्याला नवीन प्रोग्राम बसवण्याचा अधिकार नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण पुष्कळ प्रोग्राम बसवावे लागतच नाहीत. डाउनलोडच्या फोल्डरमधूनच चालतात. चिन्ह लपवणे म्हणजे दारावर पडदा टाकणे, कुलूप नव्हे.

कुलूप विंडोजमध्येच आहे. त्याचे नाव ॲपलॉकर. विंडोज सर्व्हर २००८ आर-२ पासून ते मिळते. तत्त्व सोपे आहे: जेथे नोकराला फाइल ठेवता येत नाही, तेथीलच प्रोग्राम चालावा. त्याचे मूळ नियम विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या दोन फोल्डरांतील प्रोग्रामना सर्वांसाठी इजाजत देतात, ॲडमिनला कोठूनही. हे मूळ नियम आधी तयार करावेत. ते विसरून एखादाच नियम लावला तर बाकी सारे बंद पडते, अगदी विंडोजचे स्वतःचे प्रोग्रामसुद्धा. विंडोजच्या आतील टेम्प फोल्डरमध्ये साध्या खात्यालाही फाइल ठेवता येते, त्याला अपवाद करून बंदी घालावी.

घाईने बंदी लावू नये. प्रथम फक्त नोंद घेणारी पद्धत, म्हणजे ऑडिट, ठेवावी. जो प्रोग्राम अडवला गेला असता त्याची नोंद ८००३ क्रमांकाने होते. पगार आणि जीएसटी भरण्याचे दिवस त्यात येऊ द्यावेत. नेमके तेव्हाच कधीतरी लागणारे प्रोग्राम बाहेर येतात. यादी पाहून मगच बंदी लागू करावी. ॲप्लिकेशन आयडेंटिटी ही सेवा बंद असेल तर नियम कागदावरच राहतात, ती आपोआप सुरू होईल असे करून घ्यावे. बॅच फाइलसारख्या स्क्रिप्टचे नियम वेगळे असतात, तेही लावून घ्यावेत.

हिसाबाचा प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये असेल आणि तेथे सर्वांना लिहिता येत असेल, तर त्या फोल्डरला इजाजत देऊ नये. कोणीही तेथे काहीही ठेवील. अशा वेळी प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीच्या सहीवर नियम करावा आणि डेटा निराळ्या फोल्डरमध्ये न्यावा. फाइलच्या ठशावरही नियम होतो, पण प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की तो ठसा जुळत नाही.

एक्सेलमधील मॅक्रोला हे कुलूप अडवीत नाही, त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. ॲडमिनला सारे खुले असते, म्हणून मालकाचे रोजचे खातेही साधेच असावे. मी माझे तसे केले आहे. ॲडमिनचा पासवर्ड पाकिटात बंद करून तिजोरीत ठेवला आहे.