घोडा घेण्याआधी तबेला

तबेल्यात काम करायचे आणि त्या बदल्यात घोडेस्वारी शिकायची, अशा उमेदवाराला या क्षेत्रात ‘वर्किंग स्टुडंट’ म्हणतात. फी कमी असते किंवा नसतेच. काही ठिकाणी राहण्या-जेवणाचीही सोय होते. जालना जिल्ह्यातल्या मुलामुलींना त्यासाठी बहुधा पुणे-मुंबईचे रायडिंग क्लब गाठावे लागतात. याच जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या असईच्या लढाईत १८०३ साली घोडदळे भिडली, पुढे जालन्यात हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. पण त्या वारशातून आज शिक्षणाची सोय होत नाही.

२०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीतले सुवर्ण तब्बल ४१ वर्षांनी आले. त्या भरात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेतून मुलासाठी घोडा आणणे ही चूक आहे. ते विजेते युरोपात राहून, मुरलेल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली तयार झाले. घरी बांधलेला घोडा नवशिक्याला स्वारी शिकवत नाही. चारा, चंदी, नाल आणि औषधपाणी यांचा खर्च मात्र रोज मागतो.

तबेल्याचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. लीद काढणे, पाणी भरणे, चंदी देणे, खरारा करणे, आणि बऱ्याच वेळाने स्वारी. या कामाला कमी लेखणारे पालक खरे शिक्षणच नाकारतात. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. गव्हाणीत उरलेला चारा, कमी पडलेली लीद, पुढच्या पायाने जमीन उकरणे, वळून वळून पोटाकडे पाहणे, ही लक्षणे रोज हात लावणाऱ्यालाच वेळेत कळतात. ओल्या जागेत उभ्या राहिलेल्या घोड्याचा खूर उचलला की कुजका वास येतो; तो ओळखणारा पोरगा मालकाला हवाच असतो.

या शिक्षणातून पुढे वेगवेगळ्या वाटा फुटतात. शर्यतीतला जॉकी व्हायचे तर वजनाची मर्यादा कडक. पशुवैद्यक पदवीसाठी परभणीचे महाविद्यालय जवळ आहे; त्यानंतर लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचीही वाट खुली होते. नालबंदीकडे मात्र कोणी पाहत नाही. साधारण दर सहा-आठ आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचे खूर तासावे लागतात, आणि ते चुकले तर घोडा लंगडतो. हे कसबाचे, मानाचे काम आहे.

तबेल्यात जाणे बारावीनंतर, वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच. कामाचे तास, आठवड्यातली स्वारीची सत्रे, सुट्टी, हेल्मेट आणि अपघात विमा हे सगळे आधी लेखी घ्यावे. महिनाभर लीदच उपसायला लावून घोड्यावर बसू न देणारा तबेला सोडावा.