दुपदरी काच धुरकटली? आधी नुसत्या काचेचा भाव विचारा

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं जुनं घर घेतलं की कधी ना कधी एखादी खिडकी पुसूनही धुरकटच राहते. काचेवर आतून बोट फिरवा, मग बाहेरून. दोन्हीकडून वाफ पुसली जात नसेल तर ती दोन काचांच्या मधे आहे, म्हणजे कडेचं सील गेलं. वाफ आतल्या बाजूनेच पुसली गेली, तर तो घरातल्या दमटपणाचा प्रश्न. कुकर लावताना एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा, काचवाल्याला बोलावू नका.

काचांमधल्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे असतात. ऊन-थंडीने सील थकतं, दमट हवा आत शिरते आणि दाण्यांची ताकद संपली की वाफ दिसू लागते. आत आर्गॉन वायू असेल तर तोही निसटतो. दक्षिण-पश्चिमेच्या खिडक्यांवर ऊन जास्त, म्हणून त्या बहुधा आधी जातात.

खिडक्यांचा विक्रेता ‘अख्खी खिडकी बदला’ म्हणेल. चौकट सरळ असेल, लाकूड कुजलं नसेल आणि झडप नीट सरकत असेल, तर माझं ठाम मत आहे : ऐकू नका. गावातलं ग्लास शॉप त्याच चौकटीत नवी दुपदरी काच बसवून देतं. मजुरीसकट साधारण २०० ते ५०० डॉलर. अख्ख्या खिडकीला ७०० ते १,५०० सहज लागतात. पॅशिओच्या सरकत्या दाराला टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) काचच लागते, म्हणून एका पल्ल्याला ४०० ते ९००. अख्खं दार बदलाल तर दोन-चार हजार. शहरागणिक भाव फिरतात, तेव्हा तीन ठिकाणी विचारा.

बारीक भोक पाडून आतून काच धुऊन देणारेही आहेत, खिडकीमागे शंभरेक डॉलर घेतात. काच स्वच्छ दिसते, पण गेलेला आर्गॉन परत येत नाही आणि थंडी अडवण्याची क्षमताही. गॅरेजच्या खिडकीला चालेल, बेडरूमच्या नाही.

फोन करण्याआधी पट्टी टॉर्चने पाहा. तिच्यावर बऱ्याचदा कंपनीचं नाव आणि वर्ष छापलेलं असतं. कित्येक कंपन्या काचेच्या सीलवर १० किंवा २० वर्षांची वॉरंटी देतात. घर दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर मुदत घटू शकते, तरी कागद मागाच. त्यात काच फुकट मिळून मजुरी तुमच्याकडे राहिली, तरी मोठा खर्च वाचतो. टाउनहाउस किंवा काँडो असेल तर खिडकीचा खर्च कोणाचा, हे असोसिएशनच्या नियमांत वाचून घ्या.

कोटेशनमध्ये काचेची एकूण जाडी, लो-ई (उष्णता परतवणारं) कोटिंग, टेम्पर्ड आहे की नाही, आर्गॉन आणि नव्या सीलची वॉरंटी लेखी हवी. कोटिंग जुळलं नाही तर शेजारच्या काचेपेक्षा रंग वेगळा दिसतो आणि तो कायम खुपतो. नव्या खिडक्यांवरची केंद्रीय करसवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. विक्रेत्याने ती अजून हिशेबात धरली असेल, तर ती रक्कम खोडून मगच आकडे ताडून पाहा.