पैसा कोणाकडे ठेवला आहे?



पैसा ठेवायचा तर आपल्या वाडवडिलांना दोनच जागा ठाऊक होत्या. एक पोस्ट आणि दुसरी बँक. आपल्या वसईत १९१८ सालापासून बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक आहे. तिचे मुख्य कार्यालय पापडीला. तिथे जावे, चिठ्ठी भरावी, पैसे द्यावे, पासबुकात आकडा लिहून घ्यावा. सरळ काम होते.

आता मोबाइलच्या आणि संगणकाच्या धंद्यातल्या कंपन्याही म्हणतात, "आमच्याकडे खाते उघडा. आमचे कार्ड घ्या." कार्ड दिसायला चकचकीत. खाते पाच मिनिटांत उघडते. दारावर माणूस येऊन अंगठा घेतो आणि जातो. कार्तिकातल्या निर्मळच्या जत्रेत आता सुकेळीच्या टोपलीशेजारीही चौकोनी ठिपक्यांचा कागद दिसतो. गिऱ्हाईक मोबाइल धरते आणि छोटी पेटी बोलते, "शंभर रुपये मिळाले."

मिळाले खरे. पण कोणाला? कुठे? पेटी तेवढे सांगत नाही. ते आपण शोधून काढायचे.

ही खाती वाईट आहेत, घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या निम्म्या विद्यार्थ्यांकडे ती आहेत आणि त्यांची सोयही झाली आहे. पण कार्डावर एकाचे नाव आणि पैसा दुसऱ्याकडे, असे पुष्कळदा असते. म्हणून घेण्याआधी एक प्रश्न विचारावा. माझा पैसा नक्की कोणाकडे राहणार?

फुलांचे उदाहरण घेऊ. आपल्या भागातला मोगरा, कागडा, सोनचाफा पहाटेच्या गाडीने दादरला जातो. समजा, बागवाल्याने फुले दलालाला दिली. दलाल रोख पैसे देत नाही. वहीत लिहून ठेवतो आणि आठवड्याने हिशोब करतो. त्या आठवड्यात बागवाल्याचा पैसा कुठे असतो? दलालाच्या वहीत. वही नीट आहे आणि दलाल जागेवर आहे, तोवर तो पैसा आहे. बागवाल्याने रोख घेऊन स्वतःच्या बँकेत भरला, तर गोष्ट निराळी. मोबाइलमध्येही असेच प्रकार आहेत. पडद्यावर मात्र ते सारखेच दिसतात, म्हणून माणूस फसतो.

पहिला प्रकार नुसत्या वाटेचा. फोनपे, गुगल पे ही नावे तुम्ही रोज ऐकता. त्यांच्यातून यूपीआयने पैसे पाठवले, तर ते आपल्या बँकेतून निघतात आणि समोरच्याच्या बँकेत जातात. यूपीआयची ही सोय २०१६ साली सुरू झाली. यात कंपनी पैसा ठेवून घेत नाही. ती वाट दाखवते. वाट बंद पडली तरी पैसा आपल्या बँकेत आहेच. दुसऱ्या वाटेने काढता येतो.

दुसरा प्रकार बटव्याचा. त्याला वॉलेट म्हणतात. यात आपण आधी पैसे भरतो आणि मग खर्च करतो. हे दलालाच्या वहीसारखे. बँक नसलेल्या कंपनीला बटव्याचे पैसे एका बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण बटव्यातल्या पैशाला व्याज नाही आणि ठेवीचा विमाही नाही. भाजीपाल्यापुरते शे-दोनशे ठेवायला ठीक. मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवायचे नसतात.

तिसरा प्रकार पेमेंट बँकेचा. ही खरी बँक असते, पण हात बांधलेली. ती ठेव घेते, कार्ड देते, पैसे पाठवते. कर्ज मात्र देऊ शकत नाही. एका माणसाची ठेव दोन लाखांवर ठेवता येत नाही. आधी ही मर्यादा एक लाख होती, २०२१ साली वाढवली. जमलेल्या ठेवींचा मोठा भाग तिला सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो. खेड्यापाड्यांतल्या आणि मजुरीसाठी परगावी गेलेल्या लोकांची सोय व्हावी, म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१५ साली अशा ११ बँकांना तत्त्वतः मंजुरी दिली. त्यांत पोस्टखाते होते, टेलिफोन कंपन्या होत्या, मोबाइलवरून पैसे पाठवणारी पेटीएम होती. काहींनी ती मंजुरी परत केली. एक बँक, आदित्य बिर्ला आयडिया पेमेंट्स बँक, २०१८ साली सुरू झाली आणि २०१९ साली तिने गाशा गुंडाळायचे जाहीर केले. पोस्टाची बँक १ सप्टेंबर २०१८ रोजी देशभर सुरू झाली. तिचे पैसे पोस्टमन घरी आणून देतो. म्हाताऱ्या माणसांना ही सोय आम्हाला सर्वांत आवडते.

आता पेटीएमची हकिगत जरा सावकाश वाचा.

पेटीएम पेमेंट्स बँक २०१७ साली सुरू झाली. तिने लोकांना बचत खाती दिली, रुपे डेबिट कार्डे दिली. नाव गावोगाव झाले. पुढे रिझर्व्ह बँकेला तिच्या कारभारात दोष दिसले. मार्च २०२२ मध्ये हुकूम निघाला की नवे ग्राहक घेऊ नका. मग ३१ जानेवारी २०२४ रोजी दुसरा हुकूम निघाला. ठरावीक तारखेनंतर कोणाच्याही खात्यात किंवा बटव्यात नवी रक्कम घ्यायची नाही. आधी २९ फेब्रुवारी ही तारीख होती. लोकांची गैरसोय होऊ नये म्हणून ती १५ मार्च २०२४ केली.

कोणाचा पैसा बुडाला का? नाही. शिल्लक काढायला मोकळीक होती. कार्डही शिल्लक संपेपर्यंत चालणार होते. फक्त नवे पैसे आत येणार नव्हते.

पण ज्याचा रोजचा धंदा त्या खात्यावर, त्याचे काय? समजा, निर्मळच्या नाक्यावर दोन बहिणी भाजी विकतात. दोघींकडे पेटीएमचा सारखाच कागद आणि सारखीच बोलणारी पेटी. १६ मार्चला सकाळी धाकटी म्हणते, "ताई, तुझी पेटी बोलते. माझी का गप्प?"

थोरली म्हणते, "अगं, तुझा कागद कुठल्या खात्याला जोडलेला आहे?"

"कुठल्या म्हणजे? पेटीएमच्या."

"माझा माझ्या जुन्या बँकेच्या खात्याला जोडलेला आहे. म्हणून माझे पैसे येतात."

हे उदाहरण आम्ही रचलेले आहे, पण नियम तसाच होता. कागद पेमेंट बँकेच्या खात्याला जोडलेला असेल, तर १५ मार्चनंतर त्यावर पैसे घेता येणार नव्हते. तोच कागद दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला असेल, तर व्यवहार चालू राहणार होता. पेटीएम हे नाव एक, पण घरे दोन. एक मोबाइलवरची सेवा चालवणारी कंपनी, दुसरी पेमेंट बँक. बंधन बँकेवर आले होते. धाकटीला हा फरक आधी ठाऊक असता, तर तिने फेब्रुवारीतच खाते बदलून घेतले असते. हुकुमाची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती.

दुसरी हकिगत अंगठ्याची. २०१७ साली मोबाइलचा नंबर आधारशी जोडायची घाई चालली होती. लोक दुकानात जात, यंत्रावर अंगठा ठेवत आणि घरी येत. एअरटेलच्या काही ग्राहकांची त्या वेळी एअरटेल पेमेंट्स बँकेत खातीही उघडली गेली. त्यांना ते नीट सांगितलेलेच नव्हते, अशा तक्रारी झाल्या. पुढे काय झाले पाहा. गॅसचे अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. शेवटचे खाते हे नवे! त्यामुळे अनेकांचे अनुदान ठाऊक नसलेल्या खात्यात जाऊ लागले. बाया जुन्या बँकेत जाऊन विचारत, "यंदा अनुदान का नाही?" बँक म्हणे, आमच्याकडे आलेच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने त्या कंपनीचा आधार तपासणीचा परवाना काही काळ थांबवला. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या पेमेंट बँकेला पाच कोटी रुपये दंड केला.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देऊ नका. २०२४ साली महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आली, तिचेही पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जातात. पैसे आले नाहीत असे वाटले, तर रागावण्याआधी आपले आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते पाहावे. आपल्या बँकेत विचारता येते. आधारच्या संकेतस्थळावरही दिसते. आणि यंत्रावर अंगठा ठेवण्याआधी समोरच्या माणसाला विचारावे, "हा अंगठा कशासाठी? खाते उघडता आहात का?" विचारायला लाजू नये. तुम्हाला आता वाचता येते. पडदा आपल्याकडे वळवून घ्या आणि वाचा. तो घाई करील. करू द्या.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मग जुनी बँकच बरी." तसेही नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक ही जुनीच बँक होती. तिच्यात घोटाळा निघाला. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्या ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी होती. मुंबई आणि आसपासच्या कितीतरी घरांत त्या दिवशी रडारड झाली. पुढे २०२२ साली ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. यासाठीच ठेवीचा विमा असतो. बँक बुडाली तर एका माणसाला एका बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे, त्याआधी ती एक लाख होती. पेमेंट बँकेतल्या ठेवीलाही हा विमा आहे.

पण विम्याची एक खोच आहे. ती अमेरिकेतल्या लोकांना २०२४ साली कळली. तिथे सिनॅप्स नावाची कंपनी होती. लोक मोबाइलवरच्या वेगवेगळ्या सेवांत खाती उघडत. त्या सेवा सिनॅप्सच्या मार्फत पैसे बँकांत ठेवत. एप्रिलमध्ये सिनॅप्सने दिवाळे काढले. मे महिन्यात एक लाखाहून जास्त लोकांना आपलाच पैसा काढता येईना. कोणाचे किती, हा हिशोबच जुळेना. साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरांची तूट निघाली. लोक म्हणाले, "आमच्या पैशाला विमा आहे ना?" विमा होता. पण तो बँक बुडाली तर. इथे बँका उभ्याच होत्या, बुडाला होता मधला दलाल. आपल्या बागवाल्याला हे चटकन समजेल.

आता कंपन्या एवढी धडपड का करतात? कार्ड तर फुकट देतात! एक तर ठेवी सरकारी रोख्यांत घालून त्यांना व्याज मिळते. दुकानदारांकडून काही सेवांचे शुल्क मिळते. शिवाय आपण कुठे, कधी, किती खर्च करतो हे त्यांना कळते. मग त्याच पडद्यावर विमा, कर्ज, सोने अशा वस्तू समोर येऊ लागतात. धंदा आहे, त्यात पाप नाही. पण आपण गिऱ्हाईक आहोत, पाहुणे नव्हे, एवढे ध्यानात असावे.

चोरीविषयी थोडेच सांगतो, कारण त्यावर वेगळा पाठ आहे. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कोणी म्हटले की फोन ठेवावा. पैसे गेलेच तर १९३० या नंबरावर लगेच कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. उशीर केला तर चोर पैसा पुढे सरकवतो.

शेवटी एक काम. प्रत्येक बँकखात्याला आयएफएससी नावाचा अकरा खुणांचा क्रमांक असतो. त्यातली पहिली चार इंग्रजी अक्षरे बँकेची ओळख असतात. स्टेट बँकेची एस, बी, आय, एन. पोस्टाच्या पेमेंट बँकेची आय, पी, ओ, एस. मोबाइलमध्ये आपल्या खात्याची माहिती उघडा आणि ही चार अक्षरे शोधा. नुसत्या बटव्याला असा क्रमांक नसतो. तो सापडलाच नाही, तर ते खाते नसून बटवा असेल. तो कोणत्या कंपनीचा, तेही पाहून ठेवा. सापडलेली अक्षरे वहीत उतरवून आणा. गुरुवारच्या वर्गात फळ्यावर लिहून कोणाची बँक कोणती ते ओळखू. पिन मात्र वहीत लिहू नका.