दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ?

ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पण दोन बड्या राष्ट्रांत व्यापाराचा तंटा जुंपला, तर छोट्या देशांना ती लागू पडते काय? शेतकऱ्याच्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राच्या पेपरातला वाटत नाही. त्याचे एक उत्तर आपल्या नगर जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली व लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्रज व्यापारी मुंबईकडे वळले आणि कापसाचे भाव कडाडले. त्याच सुमारास रेल्वेची कामेही चालू होती. दख्खनच्या खेड्यांत पैसा खेळू लागला, सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले. तेजी गेली, कर्ज मात्र राहिले. त्यात सरकारने शेतसारा वाढवला. अखेर मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला व पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांतही पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो 1879 साली!

म्हणजे लाभ झाला होता. पण तो टिकवण्याचे एकही साधन पारतंत्र्यातील शेतकऱ्याच्या हाती नव्हते.

याउलट व्हिएतनामचे उदाहरण पाहा. 2018 पासून अमेरिका व चीन यांनी एकमेकांच्या मालावर जबर आयात शुल्क लादले. तेव्हा अनेक कारखानदार चीन सोडून व्हिएतनामकडे वळले. त्या देशाने दुसरे गिऱ्हाईकही जोडले; युरोपीय संघाशी त्याचा व्यापार करार 2020 साली अमलात आला. तरी त्याची मोठी भिस्त अमेरिकेवरच होती. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने व्हिएतनामच्याच मालावर 46 टक्के शुल्क जाहीर केले. वाटाघाटी करून ते 20 टक्क्यांवर आले. फटका चुकला नाही, पण बोलणी करायला स्वतःचे सरकार होते.

तेव्हा म्हण खोटी नाही, अपुरी आहे. तिसऱ्याचा लाभ भांडण मिटेपर्यंतच असतो. पुढची तरतूद तेजीतच करावी लागते. अनेक गिऱ्हाइके जोडणे, उसन्या पैशावर न फुगणे आणि छोट्यांनी एकत्र येणे, हे तीन मार्ग दिसतात. तिसरा मार्ग तर आपल्याच जिल्ह्याने दाखवला आहे. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्या जिल्ह्यात कर्जरोखे जळाले, त्याच जिल्ह्यात पाऊणशे वर्षांनी शेतकरी भागधारक झाला. छोट्या देशांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.